कोपऱ्यातला बुडबुडा

स्लाइडवर पातळ काच ठेवताना माझ्याकडून कोपऱ्यात हमखास हवेचा बुडबुडा राहायचा. तो दिसला की "आलीस सही करून?" असं प्रयोगशाळेतली सीनिअर ताई विचारायची आणि सगळे हसायचे, मीसुद्धा. मला सगळं तिनंच शिकवलं होतं. लोणी काळभोरहून येणाऱ्या, कोंबडीच्या फलित अंड्याच्या कवचाला खिडकी कशी पाडायची, आतल्या जिवाला धक्का न लावता ती चिकटपट्टीनं कशी बंद करायची. संध्याकाळी ती मला स्कूटरवरून वारज्याला घरी सोडायची. माझी आई तिच्यासाठी चहा टाकूनच ठेवायची.

तिचा एक नियम मात्र कडक होता. सूक्ष्मदर्शकातून काढलेला फोटो कापायचा नाही, त्यातलं काही पुसायचं नाही. जसा आला तसा दाखवायचा. या एका गोष्टीसाठी मी तिला फार मानायचे.

डोळ्यातून निघालेले मज्जातंतू मेंदूकडे जाताना मधली रेषा ओलांडतात. त्यांना वाट कोण दाखवतं, हे मी शोधत होते. मला दिसलं, की तंतू पोचायच्या आधीच तिथं मेंदूच्या आधारपेशी उभ्या असतात. त्या काढून टाकल्या, तर तंतू वाढतात, पण भलतीकडेच जातात. माझी पीएचडी यावरच उभी राहणार होती. माझ्या गाईड सरांच्याही आधी मी धावत ताईकडे गेले.

"सरांना इतक्यात सांगू नकोस. पुन्हा करून बघ. फोटो माझ्याकडे दे," ती म्हणाली.

मी दिले. न द्यायचा विचारही मनात आला नाही. पुढे कितीतरी महिने मी तेच पुन्हा पुन्हा करत बसले.

विभागाच्या वार्षिक सभेत ताई बोलायला उभी राहिली. पडद्यावर माझा फोटो आला. खाली नाव तिचं, एकटीचं. आणि कोपऱ्यात बुडबुडा. नियम पाळला होता बाईंनी, फोटो जराही कापला नव्हता.

राग नंतर आला. आधी नुसतं रडू येत होतं. प्रश्न विचारायची वेळ झाली तशी मी उभी राहिले.

"ताई, कोपऱ्यातला तो बुडबुडा कोणाचा?"

आमच्या प्रयोगशाळेतल्या सगळ्यांनी माना खाली घातल्या. ताई मात्र नेहमीसारखी मायेनं हसली.

"आमच्या ज्युनिअरचा. मुलगी कष्टाळू आहे हो, अजून हात बसायचाय."

सभागृह हसलं. सरही हसले. एवढ्या कामातलं तेवढंच तिनं माझ्या नावावर ठेवलं.