म्हशीचे डोळे, सर्जेरावांचे डोळे

कपड्यांना अजून म्हशीच्या लाळेचा वास येतोय आणि अंघोळीला उठायचंही त्राण नाही. तरी लिहितेय.

मी कोरेगावकडे जनावरांची डॉक्टर. दुपारी सर्जेरावांचा फोन आला, "मॅडम, म्हस लय लाळ गाळतीया, पाय थरथरत्यात. लवकर या."

तिनं कीटकनाशक फवारलेलं गवत खाल्लं होतं. ते औषध मज्जातंतू जिथं जुळतात तिथलं एक एन्झाइम बंद पाडतं, मग नसांना 'थांबा' सांगणारं कुणी उरत नाही. तिच्या डोळ्यांच्या बाहुल्या बारीक झाल्या होत्या. मी इंजेक्शन दिलं.

मग दावं धरलेल्या सर्जेरावांकडे लक्ष गेलं. सकाळी तोंडाला रुमालही न बांधता त्यांनीच फवारलं होतं. अंग घामानं निथळत होतं आणि बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या.

"मला काय न्हाई, ऊन लागलंय. तुमी म्हशीचं बघा."

एन्झाइम दोघांचं तेच, पण माणसाला इंजेक्शन मी देऊ शकत नाही. माझ्याच गाडीत घालून दवाखान्यात नेलं. वाटेत विचारलं, असं आधी कधी झालं होतं?

"फवारल्यावर दर बारीला हुतंय की."

म्हैस आता उभी आहे, सर्जेराव ॲडमिट आहेत.

तुमच्या घरी फवारणी करून आलेल्या माणसाच्या डोळ्यांत आज कुणी पाहिलं का?