संभा पिऊन नव्हता

फोन आला तेव्हा मी पेठ वडगावात पिकअपमधून कोंबडीखाद्याची पोती उतरवत होतो. कागलच्या अलीकडं संभाची गाडी उलटली, संभा गेला... पाठीवरचं पोतं खाली ठेवायचंही मला सुचलं नाही. आमच्या मालकाच्या दोन पिकअप. एक संभा चालवायचा, एक मी. कागलला त्याच्या मातीला गेलो तर तिथं कुजबूज चाललेली, "पिऊन हुता म्हणं." मालकानंच पोलिसांना तसं सांगितलेलं. गाडी ठणठणीत, ड्रायव्हर प्यालेला. रक्ताच्या तपासणीचा अहवाल यायला वेळ होता, पण बातमी गावभर झाली होती. सुनंदावहिनी, संभाची बायको, माझ्याकडं बघून एवढंच म्हणाली, "च्या पिऊन गेलतं, भावजी... च्या."

संभा दारूच्या थेंबाला शिवायचा नाही. आणि गाडीचं दुखणं आम्हा दोघांना ठाऊक होतं. काटा साठच्या पुढं गेला आणि चाक एखाद्या खड्ड्यात आदळलं, की स्टिअरिंग हातात थडथडायला लागायचं. वेग उतरवला की शांत. संभानं आधी हवा बघितली, मग पुढची चाकं बॅलन्स करून आणली, मग मागची पुढं घालून बघितली. थरथर तशीच. शेवटी एका दुपारी कळंब्याला झाडाखाली त्यानं गाडी जॅकवर घेतली, पुढचं चाक वरून-खालून धरून हलवलं आणि मला हाक मारली. "हात लाव की. खटखट लागतीया बघ. बॉल जॉइंट झिजलाय. ह्यो निसटला की चाक आडवं." मग माझीही गाडी त्यानं तशीच बघितली; तिचाही जॉइंट ढिला होता, जरा कमी. तसेच आम्ही मालकाकडं गेलो. तो जेवत होता. "हळू चालवायला काय हुतंय रं?" म्हणाला. माल पोचायला उशीर झाला की हाच फोनवर आईबहिणीवरनं शिव्या घालायचा. संभा त्यानंतरही सांगतच राहिला... आणि एका सकाळी चाक खरोखरच आडवं झालं.

संभाचं बारावं झालं तरी मी नोकरी सोडली नाही. मुद्दाम सोडली नाही. स्वतःची मोटार मालकानं सर्व्हिसिंगला दिलेली. त्याला कागलला जायचं होतं, म्हणून एक दिवस तो माझ्या शेजारी येऊन बसला. हायवेला लागल्यावर मी वेग वाढवला. एका खड्ड्यात चाक आदळलं आणि स्टिअरिंग थडथडायला लागलं.

"आरं मारुत्या, हळू!"

"गाडी ठणठणीत हाय की, मालक."

त्यानं दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरला. त्याला फुटलेला घाम बघून मला बरं वाटत होतं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटत होतं. रस्त्याकडेला संभाच्या गाडीच्या काचा अजून चमकत होत्या. "त्यो पिऊन हुता काय?" मी विचारलं. "न्हाय... न्हाय रं, थांबव!" "जॉइंटचं सांगितलं हुतं का न्हाय त्यानं?" "व्हय, सांगितलं हुतं!" मग मी वेग उतरवला, गाडी सरळ संभाच्या गल्लीत नेली आणि म्हणालो, "आता ह्येच वहिनीला सांगा, न्हायतर परत हायवेला जाऊ."

वहिनी दारात उभी राहिली. मालक मान खाली घालून पुटपुटला. ती म्हणाली, "मोठ्यानं बोला. गल्लीला ऐकू गेलं पायजे." तो मोठ्यानं बोलला. लोक घरातनं बाहेर आले तेव्हा तिनं त्याला पुन्हा पहिल्यापासून बोलायला लावलं.

मला त्यानं त्याच दिवशी काढून टाकलं. पुढं वकील गाठून शब्द फिरवायला बघितला, पण अख्ख्या गल्लीनं ऐकलेलं, आणि गल्लीतली माणसं ठाण्यात जबाब द्यायला गेली. अहवालातही दारू नव्हती. केस चालू आहे. त्याला शिक्षा झालेली मला या डोळ्यांनी बघायची आहे.

संध्याकाळी गाडी लावून आला की संभा दारातल्या दगडावर पाय धुवायचा. वहिनी तिथं अजून बादली भरून ठेवते. परवा मालकाचा मेव्हणा समेटाचं बोलायला आला आणि त्यानं पाय धुवायला त्या बादलीत तांब्या घातला. वहिनीनं बादली उचलली, सगळं पाणी त्याच्यादेखत रस्त्यावर ओतलं, नळावर जाऊन ती विसळली आणि पुन्हा काठोकाठ भरून त्याच दगडाशी ठेवली.