मास्तरांची जागा

मास्तर कुवेतमध्ये एसीचे डक्ट बसवायचे आणि शुक्रवारच्या सुट्टीत डोक्यावर काउबॉय हॅट चढवून व्हायोलिन वाजवायचे. अमेरिकेतल्या गुराख्यांचं नाचाचं संगीत, वेस्टर्न स्विंग, अस्सल मालवणी माणसाने वाजवावं याचं आधी हसू यायचं. वाजवायला लागले की पाय स्वस्थ बसत नसत.

साइटवरच्या अमेरिकन फोरमनने जाताना दिलेल्या कॅसेट ऐकून त्यांनी बँड उभा केला आणि पंचवीस वर्षं चालवला. परदेशात हे सोपं नाही. आज गिटारवाल्याचा व्हिसा संपतो, उद्या ड्रमवाल्याची कंपनी बंद पडते. म्हणून मास्तरांचा कडक नियम होता: कायमचं गावी जाणाऱ्याने आपल्या जागी माणूस तयार करायचा, मगच बॅग भरायची. राई नावाच्या वर्कशॉपांच्या भागात एका गॅरेजमध्ये ही शिकवणी चाले.

मी इथल्या हॉस्पिटलात एक्स-रे काढते. लहानपणी पुण्यात मांडी घालून शास्त्रीय व्हायोलिन शिकले होते, तेवढ्या भांडवलावर मास्तरांनी मला स्टेजवर उभं केलं. पहिल्याच कार्यक्रमात मी सवयीने तोच तुकडा तीनदा घेत झोकात तिहाई घेतली आणि समेवर थांबले. नाचणारी जोडपी एकमेकांवर आदळली. मास्तरांनी एकट्याने धून पुढे ओढली. नंतर म्हणाले, "अगो, नाचणाऱ्याचो पाय वर असताना आपण थांबलो, तर तो पाय ठेवतलो खंय?" एवढंच. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

मग त्यांचं कामाचं परमिट वाढेना. आता मास्तरांचीच जागा भरायची होती आणि त्यांनी माझं नाव घेतलं.

"मास्तर, माझ्याने नाही व्हायचं. बँड बुडेल."

"बुडलो तर माका कळव. तवसर वाजय."

तीन महिने मला शिकवायचा एकही शुक्रवार त्यांनी चुकवला नाही. या परक्या गावात सुट्टीचा दिवस फक्त झोपण्यासाठी नसतो हे मला या माणसाने शिकवलं. त्यांचे उपकार मोठे आहेत.

शेवटच्या शुक्रवारी बनेद अल-गार भागातल्या एका हॉलमध्ये दुपारचा कार्यक्रम होता आणि त्यांचं संध्याकाळचं विमान. मास्तर प्रेक्षकांत बसले होते. ही धून संपली की खाली उतरून त्यांच्या पाया पडायचं, असं मी ठरवलं होतं. धून अर्ध्यावर असतानाच बाहेर टॅक्सी आली. ते उठले. माझा गज अडखळला, तसं त्यांनी दारातूनच बोट गोल फिरवलं: चालू दे.

समोर नाच ऐन रंगात आला होता. मी वाजवत राहिले. नमस्कार राहून गेला.