अमेरिकन मिलचे व्याही

रामदासपेठेतल्या आमच्या चहाच्या टपरीवर एक काका येतात. ते कामाला होते ती कापडमिल बंद पडल्यापासून ते एका जुन्या अमेरिकन कापड कंपनीचा इतिहास असा सांगतात, जणू त्या घरात मुलगी दिली आहे. "आपली बुडाली गा, अन् ते आज्या-पणज्यापासून चालूनच राहिली!" मयतीला गेले तरी कफन चिमटीत धरून सूत बघतील, असा माणूस.

परवा माझ्या भाच्याने अमेरिकेहून मला त्याच कंपनीचा टॉवेल पाठवला. मी मुद्दाम चारचौघांत लेबल वाचलं : मेड इन इंडिया.

अख्खी टपरी हसली. काकांनी टॉवेल दोनदा चोळून पाहिला.

"मंग? आमच्यासारख्याइच्याच भरवशावर चालून राहिली नं ते!" ते गरजले, आणि टॉवेल खांद्यावर टाकून सरळ घरी निघाले.