कंत्राटदाराकडचं फुटेज

त्याला मारलं ते त्याच्याच काठीने. विद्यापीठाच्या आमच्या उपकेंद्राच्या गेटवर तो पहारेकरी होता. काठी, शिट्टी, निळा शर्ट सगळं कंत्राटदाराने दिलेलं. दुपारचे तीन वाजले असतील. मी पहिल्या मजल्यावर माझ्या टेबलाशी होतो. खालून ओलं गोणपाट बडवल्यासारखा आवाज आला म्हणून खिडकीशी गेलो. कंत्राटदाराचा सुपरवायझर आणि त्याची दोन माणसं त्याला चिऱ्याच्या पायऱ्यांवर पाडून मारत होती. डोकं वाचवायला तो हात वर करी, की काठी मनगटावर पडे. मनगट मोडलं तसा हात खाली आला आणि पुढचा फटका कानावर बसला. तो ओरडत नव्हता. सुपरवायझर मात्र दर फटक्याला एकच विचारत होता, "सही करतोस का?"

कामावर कधीच न आलेल्या दोन पहारेकऱ्यांच्या नावापुढे त्याने हजेरीच्या वहीत सह्या करायच्या होत्या आणि त्याने नाही म्हटलं होतं, हे मला मागाहून कळलं. त्या वेळी आम्ही चौघे वरून नुसते बघत होतो. खाली कुणी गेलं नाही. सुपरवायझरने एकदा मान वर केली, तेव्हा मी मागे सरलो. घाबरलो होतो, दुसरं काही कारण नव्हतं.

पन्नाशीचा माणूस. मंडणगडकडच्या एका खेड्यातला. मुंबईत एका औषधाच्या कारखान्यात बरीच वर्षं काढली, तो बंद पडला तसा गावी परतला आणि इथे लागला. गावाहून येताना एकदा त्याने माझ्यासाठी पिशवीभर कुळीथ आणले होते. मारहाणीनंतर त्याला दवाखान्यात नेलं तेही त्याच सुपरवायझरने. खाटेशी उभं राहून त्याने डॉक्टरांना सांगितलं, पायरीवरून घसरला. पोलीस जबाब घ्यायला आले तेव्हाही तो तिथेच होता. मग पहारेकऱ्यानेही तेच सांगितलं आणि डाव्या हाताने खाली सही केली.

उपकेंद्रात मी जन माहिती अधिकारी आहे. माहितीच्या अधिकारात कुणी कागद मागितला, तर महिन्याच्या आत उत्तर देणं हे माझं काम. मारहाणीनंतर महिनाभराने एक बाई अर्ज घेऊन आल्या. गावच्या निवृत्त मास्तरांनी लिहून दिलेला अर्ज, अक्षर सुरेख. त्या दिवसाचं गेटवरच्या कॅमेऱ्याचं फुटेज आणि पहारेकऱ्यांची हजेरीची वही, एवढंच मागितलं होतं. नाव वाचलं आणि ही त्याची बायको हे कळलं. मी पोच दिली. वर बघितलं नाही.

कॅमेरे कंत्राटदाराचे, वही कंत्राटदाराची. मी त्याला पत्र पाठवलं. उत्तर आलं, आमची कंपनी खाजगी आहे, माहितीचा कायदा आम्हाला लागू नाही. मी ते साहेबांपुढे ठेवलं. ते म्हणाले की आपल्याकडे नाही ते आपण कुठून देणार, तसं लिहून मोकळे व्हा. मी लिहिलं, 'सदर माहिती या कार्यालयाच्या अभिलेखात उपलब्ध नाही.' सही केली, शिक्का मारला.

तो कागद घेऊन बाई पुन्हा आल्या. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत. कागद टेबलावर ठेवून हळू आवाजात म्हणाल्या, "तुमी वरच्या खिडकीत होतात. ह्यांनी बघितलानी तुमाला. आनि आता लिवून देता, म्हायती नाय?"

नवरा काय म्हणतो, असं काहीतरी मी विचारलं. उजव्या कानाने आता काही ऐकू येत नाही, म्हणाल्या. अपील करायचं असतं ते मीच त्यांना सांगितलं, कागदही मीच काढून दिला. त्या गेल्यावर कपाटातून कंत्राटाची फाईल काढली. इतकी वर्षं ती माझ्या पाठीमागच्या कपाटात होती आणि मी कधी उघडली नव्हती. फुटेज नव्वद दिवस जपायचं आणि विद्यापीठ मागेल तेव्हा द्यायचं, असं त्यात स्वच्छ लिहिलेलं. हजेरीच्या वहीबद्दलही तेच. म्हणजे माहिती आमचीच होती, फक्त दुसऱ्याच्या खोलीत ठेवलेली. नव्वदातले आठ दिवस उरले होते.

त्या कलमाचा उल्लेख करून पत्र टाईप केलं. साहेबांनी बराच वेळ हातात धरलं आणि शेवटी सही केली. पोस्टाने पाठवलं तर दिवस जातील, म्हणून स्कूटर काढून मीच मिरजोळ्याला गेलो. तिथल्या औद्योगिक वसाहतीत एका शेडमध्ये कंत्राटदाराचं ऑफिस होतं. तो स्वतः खुर्चीत बसून फोनवर बोलत होता. सुपरवायझरने पत्र वाचलं आणि शांतपणे दोन तुकडे केले. मी म्हटलं, प्रत आहे माझ्याकडे. पुढचं वाक्य पुरं झालं नाही. त्याने माझी मान पकडून डोकं लोखंडी कपाटावर आपटलं. चष्मा फुटला, काच भुवईत घुसली. पडू नये म्हणून मी टेबलाचा आधार घेतला. माझा हात उघड्या खणात गेला आणि त्याने गुडघा लावून खण बंद केला. बोटांतून काहीतरी मोडल्याचा आवाज आला. तो पुन्हा खण उघडी आणि पुन्हा बंद करी. कंत्राटदाराने फोनवर हात ठेवला आणि म्हणाला, "बास. सरकारी माणूस आहे तो."

त्या दोन शब्दांचं वजन मला त्या संध्याकाळी कळलं. बोटं रुमालात गुंडाळून, रक्ताने माखलेल्या शर्टाने मी तक्रार द्यायला गेलो. सरकारी कामात असताना मारहाण, म्हणून तासाभरात पोलीस शेडवर पोचले. फुटेजचं यंत्र आणि वही दोन्ही ताब्यात घेतली. त्या बाई जवळजवळ दोन महिने ज्यासाठी फिरत होत्या, ते माझ्या दोन मोडक्या बोटांनी एका संध्याकाळीत झालं. मला आनंद झाला नाही. लाजच वाटली.

अपिलाचा निर्णय बाईंच्या बाजूने लागला. फुटेजची प्रत माझ्याच टेबलावर त्यांच्या हाती द्यायची होती. इथेच बघायचं आहे, म्हणाल्या. नवरा बघायला तयार नव्हता, बाहेर चिंचेखाली थांबला होता. मी संगणक लावून दिला. चित्र होतं, आवाज नव्हता. काठी वर जाई, खाली येई. मनगट मोडलं तिथे त्यांनी पदर तोंडाशी धरला, पण नजर हलवली नाही. सगळं संपेपर्यंत बघितलं. मग विचारलं, किती जण बघत होते? चौघे, मी म्हटलं. आणि तसंच लिहून दिलं. पोलिसांनी माझा जबाब घेतला, त्यात मी बघितलं आणि खाली गेलो नाही, हे दोन्ही आहे. बाकीच्या तिघांपैकी दोघे अजून माझ्याशी बोलत नाहीत.

सुपरवायझर काही दिवस कोठडीत होता, आता जामिनावर आहे. कंत्राट रद्द झालं. खटल्याच्या तारखा पडतात.

गेल्या महिन्यात अशाच एका तारखेला बाई कोर्टाबाहेर भेटल्या. दंडावर कोपरापर्यंत टाक्यांची खूण होती. मी विचारलं. नवरा परसात कोयत्याने पाल्याच्या फांद्यांची कवळं तोडत होता, त्यांनी जेवायला चला म्हणून उजवीकडून जाऊन खांद्याला हात लावला. त्याला ऐकू काही आलं नव्हतं. दचकून वळला तो कोयता घेऊनच. नंतर तो स्वतःचं डोकं उंबऱ्यावर आपटत बसला, त्याला आवरायला शेजारी आले.

तक्रार करणार का, असं मी विचारलं नाही. त्यांनीच सांगितलं, आता हाक मारायची तर आधी वळसा घालून समोर जाते, ह्यांनी बघितलानी की मग बोलते.