बाभळी तोडून झाडं लावली

मंडळी, हातपाय न धुताच कॉलनीच्या फळ्यावर हे लिहितोय.

आज शिवमंदिरामागच्या नव्या रस्त्यालगत आपण रोपं लावली. रांग सरळ यावी म्हणून ठेकेदाराने सकाळीच ओढ्याकाठच्या बाभळी तोडल्या होत्या. सुगरणींच्या खोप्यांसकट.

शोकेसमध्ये ठेवायला म्हणून शेजारच्या काकूंनी एक खोपा उचलला आणि किंचाळल्याच, "अहो, आत पिल्लू हलतंय!"

तिकडे वृक्षारोपणाला बोलावलेले पाहुणे म्हणत होते, "बघा, कसं मोकळं मोकळं वाटतंय!" आपण टाळ्या वाजवल्या.

काकूंनी खोपा मी लावलेल्या गुलमोहराच्या आधाराच्या काठीला बांधला. पण चोचीत नाकतोडा धरलेली सुगरण वर, जिथे फांदी होती, तिथेच घिरट्या घालत राहिली. खाली बघेचना.

तिला ‘खाली बघ’ कसं सांगायचं हो?