मागच्या फळीवरचे स्पीकर

त्या शिलाई कारखान्यात एकशेऐंशी मशिनं होती आणि ती सगळी एका बाईच्या हाताखालून जायची. टाके सुटायला लागले, सुया मोडायला लागल्या, मोटर घुरघुरायला लागली की बायका जागेवरूनच हात वर करायच्या आणि ती पेचकस घेऊन हजर व्हायची. म्हणून तिचं नाव पडलं पेचकसताई. वय सेहेचाळीस. लग्न झालं होतं, ते चार वर्षांत मोडलं, आणि वडिलांच्या घरी परत आली ती तिथेच राहिली. बोलायला तिखट, कामाला त्याहून तिखट. तिनं एकदा लावून दिलेलं मशीन वर्षभर कुरकुरत नसे, हे दारावरच्या रखवालदारापासून मालकापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. घरात मात्र ते कुणाला ठाऊक असल्याचं तिच्या कधी पाहण्यात आलं नाही.

घरात होते वडील. बत्तीस वर्षं बस चालवलेला माणूस. नोकरीत असतानाच त्यांनी एक गाडी घेतली होती, तिला आता बावीस वर्षं झाली. त्याच गाडीवर त्यांनी धाकट्या मुलाला गाडी शिकवली. रविवारी सकाळी मोकळ्या मैदानात बापलेक पुढे बसायचे आणि मोठी बहीण, म्हणजे ती, मागे, मांडीवर पाण्याची बाटली घेऊन. तिला शिकवावं असं त्यांच्या डोक्यात आलं नाही. ती शिकली एकोणचाळिसाव्या वर्षी, कारखान्याचा टेम्पो चालवणाऱ्या बाईकडून. पुढे धाकटा नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेला, वडिलांच्या डोळ्यांचे पडदे खराब झाले, आणि गाडी तिच्याकडे आली. कुणी दिली म्हणून नाही, कुणी नेली नाही म्हणून.

वडिलांना समोरच्याचा चेहरा दिसेनासा झाला होता. कडेकडेचं तेवढं धूसर दिसायचं. दिवसभर त्यांना घरी एकटं ठेवणं बरं नव्हतं, म्हणून कारखान्यात जाताना ती त्यांना आत्याकडे सोडायची आणि येताना घेऊन यायची. जायला पाऊण तास, यायला पाऊण तास. ते नेहमी मागे बसत. शेजारी बसलं की नसलेल्या ब्रेकवर पाय दाबला जातो, असं त्यांचं म्हणणं. मागे काचेखालच्या फळीत दोन लांबट स्पीकर होते, बरोबर त्यांच्या कानांमागे. रेडिओवर बातम्या, मॅचची कॉमेंट्री, काहीही चालू असलं की वडील गप्प असायचे. गाडीतली ती शांतता तिला फार प्रिय होती.

मग डावा स्पीकर फाटक्या कागदासारखा फडफडायला लागला. आठवड्यानं उजव्यानंही मान टाकली. पुढच्या दारांतले स्पीकर वाजत होते, पण त्यांतलं वडिलांना नीट ऐकू येईना. मग त्यांनी स्वतःच बोलायला सुरुवात केली.

"कितव्या गिअरवर आहेस?"

"तिसऱ्या."

"दुसरा टाक. इंजिन रडतंय."

"रडत नाहीये, बाबा."

"मला सांगू नकोस. बत्तीस वर्षं ऐकलंय."

रस्ता दिसत नसलेला माणूस मागच्या सीटवरून रस्ता सांगू लागला. डावीकडून घे, कशाला घेतलंस, हॉर्न दे, एवढा मोठा कशाला दिलास. पंधरा दिवसांत तिचे कान किटले. कारखान्यात पोचेपर्यंत डोकं तापलेलं असायचं आणि पहिल्या तासाला हात वर करणाऱ्या बायकांना त्याचा चटका बसायचा.

येत्या रविवारी स्पीकर आपणच बदलू, असं तिनं ठरवलं. धाकट्याचा फोन आला तेव्हा वडिलांनी फोनचा आवाज मोठा करून ते त्याला सांगितलं.

"ताई, तू उगाच हात घालू नकोस," धाकटा म्हणाला. "माझा शाळेतला मित्र आहे, त्याचं हेच दुकान आहे. शिलाई मशीन नाही ती, गाडी आहे."

"मशिनात त्या स्पीकरपेक्षा जास्त भाग असतात."

"अगं, पण वायरिंग असतं. एक वायर इकडची तिकडे झाली तर?"

"त्याच्याकडेच टाक," वडील पलंगावरून म्हणाले. विषय संपला.

दुकानदार गोरापान, हसरा, दोन्ही हातांत दोन फोन. त्यानं तिच्याकडे पाहिलं आणि मागच्या सीटवर बसलेल्या वडिलांच्या खिडकीशी जाऊन वाकला.

"काका, एकदम मस्त माल बसवतो. तुमच्या मुलानं सांगितलंय मला."

"वायरींचा कंपनीचा जोड कापणार नाही ना?" तिनं विचारलं. "फळी काढताना खिट्ट्या जपून काढा. जुन्या झाल्यात, तुटतील."

"काका, ताईंना सांगा, काळजी करू नका. रोजचं काम आहे आमचं."

समोर उभ्या असलेल्या बाईला, डोळ्यांनी अधू असलेल्या म्हाताऱ्याकरवी निरोप. तिनं दातओठ खाल्ले, पण वडील मान डोलावत होते. ती गप्प बसली. त्या गप्प बसण्याचा तिला नंतर सगळ्यात जास्त राग आला.

संध्याकाळी गाडी मिळाली. स्पीकर नवे होते, वाजत होते, पण आवाज पोकळ. बातम्या देणारा माणूस डब्यात तोंड घालून बोलतोय असं वाटत होतं. ढोलकी नुसती टिचक्या मारल्यासारखी. शिवाय प्रत्येक खड्ड्यावर मागची फळी खडखडत होती.

"छान वाजतंय," वडील म्हणाले.

"कुठे छान? मोठा आवाज म्हणजे छान नव्हे."

"तुला कुठलीच गोष्ट पसंत पडत नाही."

दुसऱ्या दिवशी सिग्नलला एक मोटरसायकलवाला तिच्या खिडकीशी आला आणि त्यानं काचेवर टकटक केली. "मॅडम, मागच्या काचेतला ब्रेकचा दिवा लागत नाही तुमचा. खालचे दोन मळलेत, दिसत नाहीत. मी आदळलो असतो आत्ता." तो दिवा परवापर्यंत लागत होता. तो त्याच फळीवर होता.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वडिलांना आत्याकडे सोडलं, कारखान्यात फोन करून तासभर उशीर होईल म्हणून सांगितलं आणि ती थेट दुकानात गेली.

"बल्ब गेला असेल," दुकानदार म्हणाला. "जुनी गाडी आहे, ताई. चालायचंच."

"तीन बल्ब एकदम जात नाहीत. त्या दिव्यात तीन आहेत. तुमच्या माणसानं वायर काढली आणि परत लावली नाही."

"तुम्ही पाहिलंत का?"

"उघडा. आत्ता पाहू दोघं."

"हे बघा, मी तुमच्या भावाशी बोलतो." आणि तिच्यादेखत त्यानं फोन लावला, हसत हसत दोन वाक्यं बोलला आणि फोन तिच्यापुढे धरला.

"ताई, तू दुकानात जाऊन तमाशा कशाला करतेस?" धाकटा म्हणत होता. "माझे संबंध आहेत त्याच्याशी."

तिनं फोन कापला आणि गल्ल्यावर ठेवला. "मागून कुणी येऊन धडकलं असतं," ती दुकानदाराला म्हणाली, "तर मागच्या सीटवर माझा बाप होता. ज्याला तुम्ही काका काका करत होतात तो." मग ती निघाली. मागून हसण्याचा आवाज आला. कशाला हसले कोण जाणे, पण तो आवाज तिच्या कानांत शनिवारपर्यंत घुमत राहिला.

रविवारी सकाळी तिनं गाडी दारासमोर सावलीत लावली. मागची गादी काढली, पाठ काढली, बाजूची आवरणं सोडवली आणि फळी उचलली. ती उचलावी लागलीच नाही, नुसती ओढली तर हातात आली. सहा खिट्ट्यांपैकी चार तुटलेल्या. खाली कंपनीचे दोन्ही जोड पकडीनं कापून टाकलेले, वायरी पिळून वर चिकटपट्टी गुंडाळलेली. डावा स्पीकर चारऐवजी दोन स्क्रूंवर. ब्रेकच्या दिव्याची वायर बाजूला लोंबत होती, जागच्या जागी नुसती खोचली असती तरी काम झालं असतं.

वडील दारात खुर्ची टाकून बसले होते. "काही मोडू नकोस," ते म्हणाले.

ती उठली, त्यांचा हात धरून त्यांना गाडीशी घेऊन आली आणि त्यांची बोटं एकेका ठिकाणी टेकवली. "ही खिट्टी. तुटलेली. ही दुसरी. हा स्क्रू नाही, हा पण नाही. ही चिकटपट्टी, हात लावा, सुटतेय. आणि ही दिव्याची वायर. मोकळी. हे तुमच्या लेकाच्या मित्राचं रोजचं काम."

वडिलांनी बोटं पुन्हा एकदा त्या लोंबत्या वायरीवर फिरवली.

आवाज पोकळ का, ते तिला पाहायचं होतं. तिनं पुढचा रेडिओ बाहेर ओढून त्याच्या मागची जोडणी काढली. तिथे वायरीच्या टोकांना बॅटरीचा सेल क्षणभर टेकवला की मागचा स्पीकर टुक् करतो आणि त्याचा कागदी पडदा बाहेर येतो किंवा आत जातो. दोन्ही एकाच दिशेनं हलले पाहिजेत. एक बाहेर आणि एक आत गेला, तर ते एकमेकांचा आवाज खातात. पण सेल पुढे आणि पडदा मागे, तिचा हात दोन्हीकडे पुरेना.

"बाबा, आत बसा. बोट अलगद ठेवा यावर. दाबू नका. कुठे हलतो सांगा."

ते उघड्या पत्र्यावर जुनी चादर टाकून बसले. तिनं सेल टेकवला.

"बाहेर," वडील म्हणाले.

"आता दुसऱ्यावर ठेवा."

टुक्.

"आत." ते थांबले. "परत कर बघू." टुक्. "आतच जातोय. हा उलटा जोडलाय."

"डोळे असणाऱ्यांनी जोडलाय," ती म्हणाली.

तिनं वायरी सोडवल्या, कापलेली टोकं साफ केली, उलटी जोडी सुलट केली, सोल्डर करून वर प्लास्टिकच्या नळ्या चढवल्या. स्क्रू चारच्या चार भरले, दिव्याची वायर खोचली. फळीखाली जाड लोकरी नमद्याच्या पट्ट्या चिकटवल्या, कारखान्यात मशिनांच्या पायांखाली घालतात तशा. काम करता करता, मान वर न करता तिनं विचारलं, "मला का नाही शिकवलीत गाडी?"

"तू कधी मागितलंस?"

"त्यानं मागितलं होतं?"

वडील जागचे उठले. मग म्हणाले, "त्याला विचारलं होतं मी." आणि काठी चाचपत घरात गेले.

दुपारी तिनं रेडिओ लावला. आवाज भरून आला. खाली वजन आलं, वर धार आली, फळी हूं की चूं करेना. तिनं शेजाऱ्याला हाक मारून ब्रेक दाबायला बसवलं आणि मागे जाऊन वरचा आणि खालचे दोन, असे तिन्ही दिवे पाहिले. वडिलांना बसवून एक पूर्ण बातमीपत्र ऐकवलं. त्यांनी डोकं मागे टेकलं. चांगलं झालं असं म्हणाले नाहीत, पण ती तरी कुठे वाट पाहत होती. निदान तिनं स्वतःला तसं सांगितलं.

मंगळवारी डोळ्यांच्या दवाखान्यात जायचं होतं. दर महिन्याला डोळ्यात एक इंजेक्शन. ती खिडकीशी फाइल देत होती आणि वडील बाकावर एका ओळखीच्या म्हाताऱ्याशेजारी बसले होते. तोही त्याच इंजेक्शनाचा. बोलता बोलता गाडीचा विषय निघाला.

"मागचे स्पीकर नवे बसवले," वडील सांगत होते. "काय आवाज आहे म्हणून सांगू. मुलाचा मित्र आहे ना, त्यानं केलं. मुलानंच सगळी व्यवस्था केली, तिकडे बसून."

"नशीबवान आहात," तो म्हातारा म्हणाला.

फाइल घेणाऱ्या मुलीनं तिला दोनदा नाव विचारलं. तिला ऐकू आलं नाही. कानांत नुसता सूं आवाज होता. इतक्या वर्षांत तिला राग पुष्कळदा आला होता, पण असा थंड राग पहिल्यांदाच. इंजेक्शन झालं, तिनं वडिलांना हाताला धरून गाडीत बसवलं, दार लावलं, पुढे बसली आणि आवाज पुढे-मागे नेण्याचं बटण सबंध पुढे फिरवलं. मागे शुकशुकाट.

दोन चौक गेले.

"बंद पडले की काय?" वडिलांनी विचारलं.

"तुमच्या मुलाच्या मित्राला विचारा."

तिनं गिअर बदलला.

"बोट कुणी ठेवलं होतं त्या पडद्यावर?" ती म्हणाली. "आत जातोय की बाहेर, कुणी सांगितलं? तुम्हाला दिसत नाही हे मला समजतं, बाबा. पण ते तर तुमच्या हाताला कळलं होतं."

"तो माणूस..." वडील म्हणाले आणि अडले. "त्याच्या दोन्ही मुली त्याला बघतात. मला वाटलं, आपला मुलगाही काही करतो असं सांगावं."

"मग मी काय करते?"

घर येईपर्यंत त्यांनी गिअरबद्दल चकार शब्द काढला नाही.

रात्रीच्या जेवणाआधी धाकट्याचा फोन आला. ती आत भांडी विसळत होती. वडिलांचं बोलणं तिला भिंतीपलीकडून ऐकू आलं. "तुझा तो मित्र एक नंबरचा भोंगळ माणूस आहे. ब्रेकचा दिवा जोडत नाही म्हणजे काय? बसडेपोत असं केलं असतं तर हाकललं असतं त्याला... नाही, नाही, तू ऐक. सगळं तिनं उघडून परत बसवलं. माझ्यासमोर बसवलं. माझ्या हातांनी पाहिलंय मी." मग त्यांनी हाक मारली आणि फोन तिच्या ओल्या हातात दिला.

"ताई," धाकटा म्हणाला, "मला खरंच माहीत नव्हतं. सॉरी."

"मला नको तुझं सॉरी. त्याला फोन कर आणि सांग, पुढच्या माणसाच्या गाडीचा दिवा जोड म्हणावं. आणि काय बोलला ते मला उद्या सांग."

धाकट्यानं फोन केला की नाही, ते तिला कळलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं काही सांगितलं नाही, आणि तिनं विचारलं नाही.

वडिलांशी ती नेहमीसारखी बोलू लागली, वेळेवर डोळ्यांत औषध घालू लागली, पण राग उतरला नव्हता आणि तो उतरल्याचं तिनं दाखवलंही नाही. बुधवारी आणि गुरुवारी गाडीतला आवाज पुढेच होता. वडील मागे सरळ बसून, कान पुढे करून, जेवढं ऐकू येईल तेवढं ऐकत होते. त्यांनी तक्रार केली नाही. शुक्रवारी सकाळी तिनं आवाज मागे नेला.